खेड्यातील ज्येष्ठांमधील स्मृतिभ्रंश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताच्या ग्रामीण भागात नेमक्या किती ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे?

आज हाताशी असलेल्या आकड्यांपैकी सर्वांत भरवशाचा आकडा असा आहे : खेड्यांत राहणाऱ्या ६० वर्षांवरील दर १०० व्यक्तींमागे ८.४ जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो विकार आहे. शहरांत हे प्रमाण ५.३ आहे आणि सगळा देश एकत्र धरला तर ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. हे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोकांच्या घरी जाऊन वार्धक्याचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण केले, ते ‘लासी’ या नावाने ओळखले जाते. त्यातील साठीपुढच्या ४,०९६ जणांची नंतर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने स्मृती, भाषा, लक्ष आणि दैनंदिन व्यवहार यांविषयी सविस्तर तपासणी करण्यात आली. हे आकडे त्या तपासणीवर उभे आहेत.

हा आकडा गावाच्या मापात बसवून पाहिला तर तो अधिक नीट समजतो. एक आशा स्वयंसेविका साधारण १,००० लोकवस्ती सांभाळते. त्यात साठीपुढचे १०० जण धरले, तर तिच्या वहीतल्या घरांपैकी आठेक घरांत असा रुग्ण असायला हवा. अर्थात ही सरासरी आहे. ज्या गावातली कर्ती पिढी मुंबई-पुण्याला गेली आहे आणि मागे म्हातारी माणसेच उरली आहेत, तिथे (कोकणातली अनेक गावे अशीच आहेत) लोकसंख्येच्या हिशेबात ही संख्या आणखी वाढते. राज्याराज्यांतही मोठे अंतर आहे. दिल्लीत हे प्रमाण ४.५ टक्के आढळले, तर जम्मू-काश्मीरमध्ये ११ टक्के.

काही ठिकाणी ‘एक कोटीहून अधिक’ असाही आकडा वाचनात येतो. मग खरा कोणता?

दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणातून निघालेले आहेत. प्रत्येक ज्येष्ठाची तज्ज्ञांकडून तपासणी करणे शक्य नसल्यामुळे, ज्यांचे निदान तज्ज्ञांनी केले अशा मोजक्या लोकांच्या माहितीवरून उरलेल्या हजारो लोकांविषयी संख्याशास्त्रीय अनुमान काढावे लागते. हे अनुमान यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या, म्हणजे संगणकाला माहितीवरून शिकवण्याच्या) एका वेगळ्या पद्धतीने काढले, तेव्हा प्रमाण ८.४४ टक्के आणि संख्या एक कोटीच्या थोडी वर आली. साडेसात की साडेआठ, यावर घासाघीस करण्यात फारसा अर्थ नाही. ग्रामीण आरोग्ययंत्रणेच्या नियोजनासाठी दोन्ही आकडे सारखेच मोठे आहेत.

आमच्या गावात तर असा एकही माणूस नाही. मग हे आठ जण असतात तरी कुठे?

ते घरातच असतात. त्यांना रुग्ण म्हणून कोणी ओळखत नाही एवढेच. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे आणि ‘म्हातारचळ’ हा शब्दही आहे. हे शब्द बोलणाऱ्याला लक्षण दिसलेले असते, फक्त तो त्याला वयाचा भाग समजतो. आजोबा जेवण झाल्यावर तासाभराने ‘मला कोणी जेवायला वाढले नाही’ असे सांगत शेजारच्या ओसरीवर जाऊन बसतात, आजी भाजीत मीठ दोनदा घालते, चाळीस वर्षे ज्या वाटेने शेतावर गेलो ती वाट एके दिवशी सापडत नाही, दिवेलागणीच्या वेळी ‘मला माझ्या घरी सोडा’ असा धोशा स्वतःच्याच घरात बसून लावला जातो. यांतली प्रत्येक गोष्ट गावाला ठाऊक असते, पण त्यासाठी डॉक्टरकडे जायचे असते हे ठाऊक नसते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. वैद्यकीय व्याख्येनुसार स्मृतिभ्रंश म्हणायचा तर बुद्धीच्या ऱ्हासामुळे माणसाचे रोजचे व्यवहार अडायला हवेत. शहरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसाला बँक, औषधांच्या वेळा, वीजबिल आणि मोबाइल हे सारे स्वतः सांभाळावे लागत असल्यामुळे त्याची अडचण लवकर उघड होते. खेड्यात मात्र पंच्याहत्तरीच्या माणसाकडून घरच्यांची फार अपेक्षा नसते. पैसे मुलाच्या हातात, स्वयंपाक सुनेच्या हातात, आणि आजोबांनी अंगणात बसावे, नातवाकडे लक्ष ठेवावे. ज्याच्यावर कामच सोपवलेले नाही, त्याचे काम अडले हे कसे कळणार? सर्वेक्षक येऊन विचारतो, ‘त्यांना रोजच्या कामात अडचण येते का?’ आणि सून प्रामाणिकपणे उत्तर देते, ‘नाही, आम्हीच सगळे करतो ना.’

गोव्यात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्येष्ठांना आणि आरोग्यसेवकांना अशा रुग्णाचे वर्णन सांगून मते विचारली होती. हे चित्र लोकांच्या ओळखीचे निघाले. मात्र त्याचे कारण म्हणून आजाराऐवजी मुलांचे दुर्लक्ष, प्रेमाचा अभाव आणि वय ही उत्तरे आली. म्हणजे आजार अदृश्य राहतोच, शिवाय त्याचा दोष घरातल्या सुनेच्या माथी बसतो.

पूर्वी तर ग्रामीण भारतात हा आजार जवळपास नाहीच, असे सांगितले जात होते. ते चूक होते का?

ते अर्धवट होते. हरियाणातील बल्लभगड परिसरातील गावांमध्ये १९९० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी ५५ वर्षांवरील पाच हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यांतले बहुतेक निरक्षर होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण फक्त १.३६ टक्के होते, आणि त्याकाळी जगात नोंदवलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी ते एक होते. हळद, शाकाहार, मोकळी हवा, एकत्र कुटुंब अशी आपल्याला आवडणारी स्पष्टीकरणे त्यानंतर पुष्कळ निघाली. त्याच दशकात तमिळनाडूतील तिरुपोरूर आणि केरळातील एका ग्रामपंचायतीत झालेल्या पाहण्यांत मात्र साठीपुढच्या लोकांत ३ ते ४ टक्के प्रमाण आढळले होते, ही गोष्ट त्या उत्साहात मागे पडली.

बल्लभगडचे काम काळजीपूर्वक केलेले होते आणि त्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही. अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा, धोका वाढवणारा एक जनुकप्रकार तिथे अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी लोकांत सापडला, हाही त्या संशोधनाचाच भाग. पण एखाद्या गावात आज किती रुग्ण आहेत हे दोन गोष्टींवर ठरते : दरवर्षी नवे किती होतात आणि झालेले किती वर्षे जगतात. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया, शय्याव्रण किंवा अपुरे खाणे यांमुळे रुग्ण लवकर दगावत असतील, तर मोजणीच्या दिवशी गावात रुग्ण कमी दिसतील. रांजणाला गळती असली की त्यात पाणी कमी दिसते. नळाची धार बारीक आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणजे आजार वाढला की मोजण्याची पट्टी बदलली?

पट्टीचा वाटा फार मोठा आहे, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा २००८ मध्ये पुढे आला. विकसनशील देशांत काम करणारा ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ नावाचा एक संशोधकगट आहे. जगातले ६६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण या देशांत राहतात, पण लोकसंख्येवर आधारलेल्या संशोधनातले १० टक्केही त्यांच्या वाट्याला येत नाही, यावरून त्याने हे नाव घेतले. या गटाने भारत, चीन आणि लॅटिन अमेरिकेतील केंद्रांवर ६५ वर्षांवरील लोकांना दोन पट्ट्यांनी मोजले. भारतातील त्यांचे ग्रामीण केंद्र वेल्लोरजवळ होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या प्रचलित व्याख्येने तिथे ०.३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचे निघाले, म्हणजे सगळ्या केंद्रांत सर्वांत कमी. शिक्षणाचा परिणाम वजा करणारी आणि घरच्यांच्या माहितीला वजन देणारी स्वतःची पट्टी त्यांनी लावली, तेव्हा सर्वच केंद्रांवरचे प्रमाण ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान आले आणि देशादेशांतले अंतर बरेच मिटले.

नवी पट्टी उगाचच जास्त लोकांना रुग्ण ठरवते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो रास्त होता. म्हणून चेन्नईतील केंद्रात त्याच लोकांना तीन वर्षांनी पुन्हा गाठण्यात आले. ज्यांना नव्या पट्टीने रुग्ण ठरवले होते, त्यांच्यात मृत्यू अधिक झाले होते आणि हयात असलेल्यांची स्मृती व स्वावलंबन इतरांपेक्षा बरेच ढासळले होते. माझ्या मते हा वाद इथेच निकालात निघतो : आजार होता, जुन्या पट्टीला तो दिसत नव्हता.

ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याची बुद्धी तपासायची कशी?

पाश्चात्त्य चाचणीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, वाक्य लिहून घेतात, पंचकोनांची आकृती काढायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेली, हातात कधी पेन्सिल न धरलेली आजी या चाचणीत नापास होते. तिला चंद्राची तिथी, पेरणीचा हिशेब आणि नात्यागोत्यातल्या तीन पिढ्या तोंडपाठ असल्या तरी. बल्लभगडच्या संशोधकांनी म्हणूनच चाचणीची हिंदी आवृत्ती तयार करताना नुसते भाषांतर केले नाही. ‘डोळे मिटा’ हे लिहिलेले वाक्य वाचून तसे करायला सांगण्याऐवजी ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगून तपासनीस स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहून घेण्याऐवजी ‘तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा’ असे विचारतो.

तरीही केवळ गुणांवर निदान करणे धोक्याचेच. निरक्षर माणसाच्या बाबतीत ‘पाच वर्षांपूर्वी हे कसे होते आणि आता काय बदलले?’ या प्रश्नाला घरच्यांनी दिलेले उत्तर चाचणीच्या गुणांपेक्षा अधिक मोलाचे ठरते. दृष्टी आणि श्रवण यांचीही आधी खात्री करून घ्यावी लागते, कारण मोतीबिंदू झालेल्या किंवा ऐकू न येणाऱ्या माणसाचे गुण बुद्धी शाबूत असतानाही घसरतात.

खेड्यात प्रमाण शहरापेक्षा जास्त का?

सर्वांत मोठे कारण शिक्षण. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण १८.३ टक्के होते आणि स्त्रियांमध्ये ते ९ टक्क्यांहून कमी. आज ऐंशीच्या घरात असलेल्या पिढीचे बालपण त्या काळातले, आणि त्यातही शाळा होत्या त्या मुख्यतः शहरांत. लहानपणीच्या शिक्षणाने मेंदूत एक गंगाजळी साठते, असे मानले जाते. पुढे आजार सुरू झाला तरी ही शिल्लक काही वर्षे पुरते आणि लक्षणे उशिरा दिसतात. ज्याच्याकडे ती नाही, त्याचे व्यवहार लवकर कोलमडतात. शिवाय, वर सांगितल्याप्रमाणे, कमी शिकलेल्यांचे गुण चाचणीतही थोडे कमीच येतात, त्यामुळे या अंतराचा काही भाग मोजणीतलाही असतो.

यानंतर क्रम लागतो तो उपचाराविना राहिलेल्या आजारांचा. रक्तदाब आणि मधुमेह आता शहरी उरलेले नाहीत. खेड्यात ते उशिरा सापडतात आणि गोळ्या मध्येच सुटतात. त्यातून मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि पक्षाघाताचे लहान-मोठे झटके येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, श्रवणयंत्र तर बहुतेकांच्या विचारातही नसते. चुलीच्या धुराचाही संशय आहे : लाकूड-गोवऱ्यांवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील ज्येष्ठांचे बुद्धीचे गुण कमी असल्याचे ‘लासी’च्या माहितीच्या विश्लेषणांत आढळले आहे. मात्र अशी घरे गरीबही असतात, तेव्हा सगळा दोष धुरावर टाकता येत नाही.

स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आहे, ते केवळ त्या जास्त जगतात म्हणून का?

केवळ तेवढ्यामुळे नव्हे. २०२३ च्या त्याच अभ्यासात स्त्रियांमध्ये ९ टक्के आणि पुरुषांमध्ये ५.८ टक्के प्रमाण आढळले. आयुष्य जास्त हे एक कारण आहेच, कारण पासष्टीनंतर दर पाचेक वर्षांनी धोका जवळपास दुप्पट होतो. पण त्या पिढीतल्या मुलीला शाळेत घातलेच नव्हते, हे कारण मला अधिक वजनदार वाटते. त्यात वैधव्य, स्वतःच्या नावावर जमीन नसणे आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय यांची भर पडते.

थोडे विसरणे, सौम्य ऱ्हास आणि स्मृतिभ्रंश यांत फरक कसा करायचा?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे असू शकते. चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वयाचे नाही. या दोहोंच्या मध्ये सौम्य बोधात्मक ऱ्हास नावाची पायरी आहे. त्यात स्मृती वयाच्या मानाने कमी झालेली असते, ते माणसाला किंवा घरच्यांना जाणवतही असते, पण बाजारहाट, पैसे, औषधे हे व्यवहार तो स्वतः निभावतो. अशांपैकी काहींना पुढे स्मृतिभ्रंश होतो, काही वर्षानुवर्षे आहे तिथेच राहतात आणि काहींच्या बाबतीत कारण सापडून सुधारणाही होते.

बदल दोन-चार दिवसांत अचानक झाला असेल, म्हणजे कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बरळत असेल, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नये. लघवीतला किंवा फुप्फुसातला जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, नव्या औषधाचा परिणाम किंवा पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त यांमुळे असे होते आणि त्याला त्याच दिवशी रुग्णालय लागते.

तपासणी करून उपयोग काय, औषध तर नाहीच ना?

आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही हे खरे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांसारखी औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य करतात. पण तपासणीचा पहिला उपयोग वेगळाच आहे : ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक यांमुळेही माणूस विसराळू आणि मंद होतो, आणि यांवर उपाय आहेत. आपल्याकडच्या शाकाहारी ज्येष्ठांमध्ये ब-१२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते की ती तपासल्याविना निदानावर शिक्का मारणे योग्य नाही.

हा आजार टाळता येतो का?

काही अंशी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले आणि त्या सर्वांवर काम झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज मांडला. कमी शिक्षण, ऐकू न येणे, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले घातक कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अति मद्यपान, डोक्याला मार, एकटेपणा, नैराश्य, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव आणि हवेचे प्रदूषण, अशी ती यादी आहे. खेड्यापुरते बोलायचे तर रक्तदाबाच्या गोळ्या न चुकवणे, मोतीबिंदू वेळेत काढणे आणि दुचाकीवर हेल्मेट घालणे या तीन गोष्टी मी शब्दकोडी सोडवण्याच्या सल्ल्याआधी ठेवीन.

गावात आधी कोणाकडे जायचे?

आशाताईंकडे, आणि त्यांच्यामार्फत उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. आशा स्वयंसेविका असंसर्गजन्य आजारांसाठी घरोघरी जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का, हा त्यांतलाच एक. उत्तर सहसा ज्येष्ठ स्वतः देतात आणि ‘छे, मला सगळे आठवते’ असे म्हणतात; म्हणून त्या वेळी घरातल्या कोणीतरी शेजारी बसावे आणि दिसते ते सांगावे. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात होऊ शकते. दूरध्वनीवरून सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे सरकारी क्रमांक आहेत.

जमिनीच्या कागदांचे काय?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. करार करताना माणसाला त्याचा अर्थ आणि परिणाम समजणे कायद्याने आवश्यक आहे. स्मृतिभ्रंश पुढे गेलेल्या वडिलांचा अंगठा घेऊन केलेले बक्षीसपत्र पुढे न्यायालयात टिकेलच असे नाही. वाटणी, मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन हे निदानानंतर लवकर, त्यांना समजते आहे तोवर आणि त्यांच्या इच्छेनेच व्हावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेण्याची तरतूद २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे.

एकत्र कुटुंब असताना रुग्णाची काळजी आपोआप होत नाही का?

कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात बहुधा एकच बाई असते : बायको, सून किंवा माहेरी आलेली लेक. रात्रभर जागणे, अंथरूण बदलणे, दार उघडून बाहेर पडलेल्या माणसाला शोधून आणणे आणि वर ‘माझे पैसे हिनेच चोरले’ हा आरोप ऐकणे, हे सारे तिच्या वाट्याला येते. तो आरोप आजाराचा भाग आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

गोव्यातील बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांत ८१ कुटुंबांवर झालेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो यासंदर्भात महत्त्वाचा आहे. स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण देऊन गृहसेवा सल्लागार म्हणून घरोघरी पाठवण्यात आले. आजार काय आहे, चिडचिडीला कसे तोंड द्यायचे, कोणत्या योजनांचा लाभ घ्यायचा हे ते समजावत आणि गरज भासल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांत सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णांच्या रोजच्या क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही.

पुढच्या दहा वर्षांत काय होईल?

२०३६ पर्यंत भारतातील रुग्णसंख्या सुमारे १ कोटी ७० लाखांवर जाईल, असा २०२३ च्या अभ्यासाचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढच्या १०.४ कोटी लोकांपैकी ७.३ कोटी खेड्यांत राहत होते, त्यामुळे यातला मोठा भार ग्रामीणच असणार. प्रतिकूल घटक वाढत असताना एक अनुकूल घटकही आहे : यापुढे साठी ओलांडणाऱ्या पिढ्या, विशेषतः स्त्रिया, आधीच्यांपेक्षा अधिक शिकलेल्या असतील. यांतले कोणते पारडे किती जड, हे एकदाच केलेल्या मोजणीतून कळत नाही. त्यासाठी त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा भेटावे लागते. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुक्यातील गावांमध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने असा अभ्यास हाती घेतला असून ४५ वर्षांवरील १० हजार ग्रामस्थांच्या रक्ताच्या, स्मृतीच्या आणि मेंदूच्या चित्रणाच्या तपासण्या ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.